औषधाची 'सवय' होते म्हणजे नेमकं काय होतं?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तोच प्रश्न: "सारखं अँटिबायोटिक घेतलं की शरीराला सवय होते ना?" नाही हो. शरीराला नाही आणि जंतूलाही नाही. जंतू दुभंगतो, डीएनएची नक्कल करताना चूक होते, हे शाळेत झालंय. पुढे जाऊ.

कधी अशाच एखाद्या चुकीमुळे तो जंतू औषधाला दाद देईनासा होतो. गाडी अडते ती इथे: ती चूक औषध येण्याआधीच झालेली असते. औषध जंतूला काही शिकवत नाही, बाकीच्यांना मारून त्याला रान मोकळं करून देतं.

1952 साली जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या शास्त्रज्ञांनी हे मखमलीच्या तुकड्यावर दाखवलं. बशीत जंतूंचे ठिपके वाढवले, त्यावर मखमल अलगद टेकवली आणि शिक्का मारावा तशी स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक घातलेल्या बश्यांवर दाबली. बहुतेक सगळे मेले. जे वाचले, ते प्रत्येक बशीत त्याच जागी! मूळ बशीतली तीच जागा तपासली, तर औषध कधीच न पाहिलेले जंतूही त्याला दाद देत नव्हते. आधीपासूनच होते ते.

आता टीबीचा हिशेब मांडू. त्याची दोन औषधं घेऊ, आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन. आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू साधारण दहा लाखांत एक, रिफॅम्पिसिनला दहा कोटींत एक. फुप्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज असतात, म्हणजे पहिल्या गोळीआधीच शंभरेक जण आयसोनियाझिडला पुरून उरणारे. दोन्हींना पुरणारा मात्र कोटी कोटींत एक. म्हणून औषधं एकत्र देतात. (दुसऱ्या जंतूकडून आयतं जनुक घेणारेही असतात, टीबीचा जंतू त्यातला नाही. त्यावर वेगळा व्हिडिओ करते.)

माझ्या मामाला टीबी झाला होता. आयसोनियाझिड घ्यायचा, पण लाल कॅप्सूल, म्हणजे रिफॅम्पिसिन, गुपचूप टाकून द्यायचा. लघवी केशरी होते म्हणून घाबरला होता, आणि ते त्या औषधाने होतंच, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आयसोनियाझिडला न जुमानणारे ते थोडे जंतू मागे राहिले, वाढले, कोट्यवधी झाले. मग आम्ही समजावलं आणि त्याने कॅप्सूल सुरू केली. पण आता त्या कोट्यवधींत रिफॅम्पिसिनला दाद न देणारेही होतेच. तेच उरले.

दोन्ही औषधं चालेनात, म्हणून पुढे सहा महिने रोज इंजेक्शन. टीबी बरा झाला, पण त्या इंजेक्शनांनी कान गेले. परवा फोनवर या व्हिडिओबद्दल सांगत होते, तर मामीला तिकडून प्रत्येक वाक्य त्याच्या कानाशी ओरडून सांगावं लागत होतं.