हळदीच्या कागदाची परीक्षा

आमटीचा डाग पडलेला सदरा साबणाने धुवायला घेतला की पिवळा डाग क्षणात तांबडा होतो आणि भरपूर पाण्यात खळबळून काढला की पुन्हा पिवळ्यावर येतो. हा प्रकार आपल्याकडच्या बहुतेक घरांत कोणी ना कोणी पाहिलेला असतो. त्यामागील कारण विचारणारे मात्र थोडे. प्राथमिक शाळेतील मुलांच्या प्रयोगांची सुरुवात याच डागापासून करता येते.

दोन चमचे हळद थोड्या पाण्यात दाट कालवून टीपकागदावर सारखी पसरावी. कागद सावलीतच वाळवावा, कारण हळदीला रंग देणारे कुरकुमिन हे द्रव्य उन्हात विटते. वाळलेल्या कागदाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या की साधन तयार झाले. आता वाट्यांमध्ये लिंबाचा रस, ताक, चिंचेचा कोळ, साधे पाणी, साबणाचे पाणी, तसेच खाण्याचा सोडा आणि पापडखार यांची द्रावणे घ्यावीत. ज्या घरी चूल आहे, तिथे राखेचे निवळलेले पाणीही चालेल. चुन्याची निवळी सर्वांत गडद लाल रंग देते; परंतु चुना त्वचेला आणि डोळ्यांना घातक असल्यामुळे तो मोठ्यांनीच हाताळावा.

प्रत्येक वाटीपुढे मुलाने आधी आपला अंदाज वहीत लिहावा आणि मगच पट्टीवर थेंब सोडावा. हा क्रम आम्हाला साहित्याहून महत्त्वाचा वाटतो, कारण अंदाजाशिवाय केलेला प्रयोग जादूचा खेळ होऊन बसतो आणि तसे खेळ दाखवणाऱ्या चित्रफितींची काही वाण नाही.

साबण, सोडा, पापडखार आणि राख यांच्या थेंबांनी पट्टी तांबूस होते. हे पदार्थ अल्कधर्मी आहेत. त्यांच्या सान्निध्यात कुरकुमिनच्या रेणूतील हायड्रोजनचा कण सुटतो, रेणू निराळ्या रंगाचा प्रकाश शोषू लागतो आणि आपल्याला लाल छटा दिसते. ताक, चिंच आणि लिंबू मात्र पट्टीचा पिवळा रंग तसाच ठेवतात, आणि साधे पाणीही तसाच ठेवते. म्हणजे लिंबाचा रस पाण्यासारखाच, असे एखादे मूल म्हणाले, तर त्याला चूक ठरवण्याची घाई करू नये, कारण पुढ्यातील पुराव्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष अगदी रास्त आहे.

अशा वेळी पट्टी आधी सोड्याच्या पाण्याने तांबडी करून घ्यावी आणि तिच्यावर लिंबाचा एक थेंब टाकावा. ती पिवळी होते, कारण आम्लाने अल्क निष्प्रभ केलेला असतो. थोडे पुढे जायचे असल्यास पापडखाराच्या पाण्यात हळद कालवून ते पुन्हा पिवळे होईपर्यंत लिंबाचे थेंब मोजावेत, मग खार दुप्पट घेऊन तीच मोजणी करावी. वर येणारे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे असतात.

हळदीची ही मर्यादा अंगणातील लाल जास्वंद भरून काढते. तिच्या पाकळ्या कोमट पाण्यात भिजवून मिळालेला अर्क लिंबाने गडद गुलाबी होतो, सोड्याने हिरवट होतो आणि साध्या पाण्याने केवळ फिका पडतो. त्यामुळे ज्या दोन वाट्यांत हळदीला फरक कळला नव्हता, त्या आता मुलाला वेगळ्या ओळखता येतात.