रकान्याबाहेरची कामं

श्रोतेहो, नमस्कार. व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, आजारानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा स्वतः करता यावीत यासाठीचे उपचार, आपल्याकडे काल-परवा आलेली नाही. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. तरीही बऱ्याच घरांत आमची ओळख अजून ‘ते फिजिओवाले’ अशीच होते. असो.

आज बोलायचंय ते शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींशी. शरीररचना, मज्जासंस्था, स्प्लिंट, म्हणजे हातापायाला आधार देणारी पट्टी, बनवणं हे सगळं तुम्हाला परीक्षेपुरतं तरी येतंच. रुग्णाला रोजची कामं स्वतः किती करता येतात हे मोजणारा तक्ता, बार्थेल इंडेक्स, तोही पाठ असतो. दहा बाबी, शंभर गुण. जेवण, आंघोळ, कपडे, संडास, पलंगावरून खुर्चीत बसणं, जिना वगैरे. आता समजा, पक्षाघातातून सावरलेल्या एखाद्या साठीच्या बाईंना त्यात पैकीच्या पैकी गुण मिळाले आणि त्या घरी गेल्या. घरात पलंगच नाही, गादी जमिनीवर, आणि तिच्यावरून उठता येत नाही. भजनाला मांडी घालून बसता येत नाही. भाकरी थापायला दोन्ही हात लागतात, एका हाताची बोटं अजून आखडलेली. यातल्या कशालाच त्या कागदावर रकाना नाही. कागदाचा दोष नाही, तो अमेरिकेत तयार झाला, १९६५ साली. आपले रकाने आपणच जोडायचे.

त्यासाठी आधी आपली माणसं घरात कशी वावरतात ते नीट बघा. कपडे घालताना लुळा हात बाहीत आधी आणि काढताना शेवटी, हे पुस्तकात आहे. पण एका हातानं निऱ्या कशा घालायच्या? मुलांनो, हसू नका, आईला विचारा आणि स्वतः नेसून बघा. शिवलेली साडी हा सोपा उपाय, पण काही बायका ती साफ नाकारतील. तो हट्ट मला तरी रास्त वाटतो. मधुमेहानं किंवा कुष्ठरोगानं हात बधिर झालेल्या माणसाला चटका लागल्याचं कळतच नाही. त्याला ‘जपून राहा’ सांगून काय उपयोग? चहाचं भांडं कशानं उतरवता, ते करून दाखवायला सांगा. सांडशीच्या दांड्याला जाड कापड गुंडाळून द्या.

आणि घरच्यांशी बोलायला शिका. सून मायेनं घास भरवते, मुलगा बटणं लावून देतो, आणि सहा आठवड्यांत कमावलेलं हळूहळू जातं. त्यांना रागावू नका. ‘जेवायला अर्धा तास लागला तरी चालेल, ताट पुढ्यात ठेवा आणि थांबा,’ एवढं सांगा. रुग्णाला मात्र विचारा, सगळ्यात आधी काय करता यायला हवंय? एखादे आजोबा चालण्याआधी दाढी म्हणतील. मग दाढीपासून सुरुवात करा.

एक शेवटचं. इंटर्नशिपमध्ये निदान एका रुग्णाच्या घरी जाऊन या. सोबत मोजपट्टी असू द्या. व्हीलचेअर लिहून देण्याआधी मोरीच्या दाराची रुंदी मोजा, उंबरा किती उंच आहे तेही बघा. नमस्कार.