आयोवाची काळी आणि आपली काळी

नमस्कार मंडळी. आज मातीबद्दल बोलायचंय. भावनिक वगैरे काही नाही, सरळ खड्डा खणून आत बघायचंय.

तुमच्यापैकी जे अमेरिकेत मिडवेस्टात राहतात त्यांनी आय-८० महामार्गावरून आयोवा राज्यातला आयोवा सिटी ते डे मॉइन हा पट्टा कितीदा तरी पार केला असेल. मका उगवायच्या आधी एप्रिल-मेमध्ये निघालात तर दोन्ही बाजूंना काळीभोर शेतं दिसतात, जरा चढ, जरा उतार, परत चढ, आणि गाडीत कोणीतरी म्हणतंच, अरे ही तर आपली काळी! माणूस परभणीचा नाहीतर यवतमाळचा असेल तर हमखास. पण ती आपली काळी नाही. रंग सोडला तर दोघींचं फार काही जुळत नाही.

आपली काळी म्हणजे दख्खनचा बेसाल्ट झिजून, कुजून झालेली. तिच्यात चिकणमाती भरपूर, पन्नास-साठ टक्केसुद्धा असते, पाणी मिळालं की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वाफसा साधला नाही तर औत घालायची सोय नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. आणि एवढी काळी दिसत असून सेंद्रिय कर्ब बघा, पुष्कळ ठिकाणी एक टक्क्याच्या आतच. म्हणजे काळा रंग बघून "खत भरपूर आहे" असं समजायचं काही कारण नाही.

आयोवातल्या या डोंगरसोंडांवरची माती काळी आहे ती गवतामुळे. माणूसभर उंच प्रेअरी गवत, म्हणजे मोकळ्या माळरानावरचं रानगवत, हजारो वर्षं तिथे उगवलं, मुळं आतल्या आत कुजत गेली आणि वरचा फूट-दीड फूट थर काळा झाला. खालचा मूळ माल मात्र पिवळट-तपकिरी, वाऱ्याने आणून टाकलेला. त्याला लोएस म्हणतात.

आता वारा एवढी माती कुठून आणणार? तर शेवटच्या हिमयुगात, साधारण पंचवीस हजार ते बारा हजार वर्षांपूर्वी, उत्तरेकडच्या बर्फाचं वितळलेलं पाणी मिसुरी आणि मिसिसिपीच्या खोऱ्यांतून वाहायचं. उन्हाळ्यात पूर, सगळीकडे बारीक गाळ, हिवाळ्यात पाणी ओसरलं की मैलोन् मैल उघडा वाळलेला गाळ, झाड नाही झुडूप नाही, आणि वर पश्चिमेचा वारा. जाड वाळू जवळच पडायची, अगदी बारीक चिकणमाती लांब उडून जायची, आणि मधला जो पोयटा तो आजूबाजूच्या टेकड्यांवर येऊन बसायचा. म्हणून मिसुरीला लागून आयोवाच्या पश्चिम कडेला ज्या लोएस हिल्स आहेत तिथे हा थर काही ठिकाणी दोनशे फुटांवर जाडीचा आहे, आणि नदीपासून लांब जाल तसा तो पातळ होत जातो, कणही बारीक होत जातात.

हे नुसतं बोलायचं म्हणून नाही, शेजारच्या इलिनॉयमध्ये गाय स्मिथ नावाच्या मृदाशास्त्रज्ञाने नदीपासूनचं अंतर आणि लोएसची जाडी यांचा हिशोब मांडून १९४२ मध्ये छापला होता. हाच गाय स्मिथ पुढे अमेरिकेच्या नव्या मृदा वर्गीकरणाचा मुख्य कर्ता झाला. १९६० मध्ये त्याचा मोठा मसुदा आला, १९७५ मध्ये पक्कं पुस्तक. आज नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो आहे ना, तिथले लोक विदर्भातल्या जमिनीला नाव देतात तेही याच पद्धतीने. मला याची मजा वाटते, लोएस मोजत फिरलेला माणूस आणि त्याच्या चौकटीत बसवलेली आपली कापसाची जमीन.

बरं, आता खड्डा. मी उदाहरण घेतलंय टेमा या मातीचं. आयोवाची राज्यमाती म्हणून हिलाच मान आहे. नाव टेमा काउंटीवरून आलंय, जिथे मेस्क्वाकी या मूळनिवासी लोकांनी १८५७ मध्ये जमीन विकत घेतली आणि ते आजही तिथे राहतात. मृदा सर्व्हेवाले प्रत्येक वेळी मोठा खड्डा खणत नाहीत, पिकअपच्या मागे हायड्रॉलिक प्रोब असतो, पोलादी नळी जमिनीत दाबतात आणि चार-पाच फुटांचा अखंड गाभा बाहेर काढून पन्हाळीत आडवा ठेवतात. मग सुरीने तो हळूच उकलायचा. कापायचा नाही हं, कापला की कडा गुळगुळीत होतात आणि आतली रचना दिसत नाही.

वरून सुरुवात. पहिले पंधरा-सोळा इंच जवळजवळ काळे. "काळे" लिहून चालत नाही, मन्सेलची रंगांची वही असते, ओली माती त्या चौकोनांना लावून बघायची, टेमाला साधारण १० वायआर २/२ हा क्रमांक येतो. दाणेदार माती, बोटांत सहज सुटते, मुळ्याच मुळ्या. थोडी ओली करून चोळा, गव्हाच्या पिठासारखी मऊ लागते, वाळूचा कण जवळपास नाहीच. अंगठ्याने दाबून पट्टी काढली तर दीड-दोन इंच येते आणि तुटते. अनुभवी माणूस एवढ्यावर चिकणमातीचा टक्का सांगतो आणि लॅबचा आकडा आला की बहुतेक वेळा जवळपास बरोबर निघतो.

त्याखाली रंग तपकिरी होत जातो, आणि इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट दिसते. ढेकूळ फोडलं की त्याच्या बाजूंवर बारीक चकाकी असते, भिंगातून बघितलं तर पातळ साय धरल्यागत थर. वरच्या थरातली चिकणमाती पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरली आणि ढेकळांच्या फटींमध्ये चिकटत गेली, हजारो वर्षं. वरच्यापेक्षा खालच्या थरात चिकणमाती निदान १.२ पट झाली (वरच्या थरात १५ ते ४० टक्के असेल तर) आणि अशी चकाकी दिसली, की त्या थराला वेगळा दर्जा मिळतो. आणखी खाली, चारेक फुटांवर, पिवळट लोएस, त्यात राखाडी आणि गंजाचे ठिपके, म्हणजे इथपर्यंत कधीमधी पाणी साचून राहतं. सबंध गाभ्यात एक गोटा नाही. आयोवातच एम्स गावाच्या आसपास जी काळी आहे ती बर्फाने घासत आणलेल्या मालावरची, तिथे नांगराला दगड लागतात.

ॲसिडचा थेंब टाकला तर टेमाच्या वरच्या थरांत फसफस होत नाही, चुना धुऊन गेलाय. पश्चिमेला लोएस हिल्सच्या तीव्र उतारावर आयडा नावाची माती आहे, तिथे पृष्ठभागावरच फसफसतं आणि चुन्याचे वेडेवाकडे खडे हाताला लागतात. माल तोच, लोएस. पण उतारामुळे वरची माती टिकतच नाही, मग थर तयार व्हायला उसंत कुठली.

आता नाव द्यायचं. जाड, काळा, मऊ, कर्बयुक्त वरचा थर आणि खाली कॅल्शियम-मॅग्नेशियमचा भरणा चांगला, म्हणून गण मॉलिसॉल. पाऊस पुरेसा, फार काळ कोरडी पडत नाही, म्हणून युडॉल. ती चिकणमाती उतरलेला थर आहे म्हणून आर्जियुडॉल. काही वेगळी खोड नाही म्हणून टिपिक. मग पुढे कुटुंब: चिकणमाती १८ ते ३५ टक्क्यांत आणि बारीक व त्याहून जाड वाळू १५ टक्क्यांच्या आत, म्हणून फाइन-सिल्टी, आणि जमिनीचं वर्षभराचं सरासरी तापमान ८ ते १५ अंश, म्हणून मेसिक. नाव तोंडभर आहे, कबूल, पण त्यातला प्रत्येक शब्द त्या गाभ्यातून किंवा मोजमापातून आलाय, कोणाच्या मर्जीने नाही. आपली काळी तिकडे व्हर्टिसॉल. टेमाच्या खालच्या थरातही चिकणमाती तीसएक टक्के असते, पण व्हर्टिसॉल व्हायला ठरावीक काळाने उघडमीट करणाऱ्या भेगा लागतात आणि आत मातीवर माती घासून झालेले गुळगुळीत तिरपे पृष्ठ लागतात. टेमात ते नाहीत, विषय संपला.

त्याच डोंगरसोंडेवर थोडं पुढे गेलात, जिथे गवताऐवजी ओकचं जंगल होतं, तर फेयेट नावाची माती लागते. लोएस तोच, उतार तोच, पाऊस तोच, पण काळा थर जेमतेम, त्याखाली फिकट राखट पट्टा. गणच बदलतो, अल्फिसॉल. दोघींच्या मधोमध डाऊन्स, जिथे जंगल आणि गवत यांची सरमिसळ झाली. आणि सपाटीवर, जिथे निचरा कमी, तिथे मस्कटीन. शेतकरी ट्रॅक्टरवर बसून एका फेरीत या सगळ्यांवरून जातो.

पण मला ज्यासाठी हे सगळं सांगायचं होतं ती गोष्ट वेगळीच आहे. आयोवाच्या मृदा नकाशावर १२०-बी, १२०-सी-२ असे आकडे असतात. १२० म्हणजे टेमा, बी म्हणजे २ ते ५ टक्के उतार, सी म्हणजे ५ ते ९, आणि शेवटचा २ म्हणजे मध्यम धूप झालेली. त्या १२०-सी-२ वर प्रोब घातला की काळा थर सात-आठ इंचांचाच निघतो, तोही नांगराने खालची तपकिरी माती वर आणून मिसळलेला. मॉलिसॉलला जेवढी जाडी लागते तेवढी तिथे उरलेलीच नाही. नियमाने बघितलं तर ती माती आता टेमा नाही, मॉलिसॉलसुद्धा नाही, अल्फिसॉलमध्ये जाते, जंगलाखालच्या मातीच्या रांगेत, जिथे जंगल कधी नव्हतंच. सर्व्हेवाले त्याला टेमाशी जुळणारी पण वर्गाबाहेरची अशी नोंद करून टेमाच म्हणत राहतात. २०२१ मध्ये उपग्रह चित्रांवरून एक अभ्यास आला, कॉर्न बेल्टमधल्या, म्हणजे मिडवेस्टातल्या मक्याच्या पट्ट्यातल्या, शेतजमिनीच्या सुमारे एक तृतीयांश भागातून वरचा काळा थर पूर्ण गेलाय असं त्यात म्हटलंय. आकड्यावर वाद आहेत, पण मेमध्ये विमानातून खाली बघा, प्रत्येक टेकाडाचं डोकं फिकट दिसतं.

काही जण म्हणतात नाव कशाला बदलायचं, मका तर येतोच की. येतो, खरंय, कारण खाली पाच फूट लोएस आहे आणि त्यात पिकाला मिळेल असं अकरा-बारा इंच पाणी मावतं, वरून नत्र टाकतात. पण मला विचाराल तर वर्गीकरणाने आज खड्ड्यात जे आहे ते लिहावं, आजोबांच्या वेळी काय होतं ते नाही. जमिनीची किंमतच मुळात या नकाशावरून मातीला मिळणाऱ्या गुणांच्या आकड्यावर बोलली जाते तिकडे, लिलावाच्या पत्रकात छापतात.

जाता जाता, भारतातही लोएस आहे बरं का, काश्मीरच्या करेवा नावाच्या पठारांवर, पांपोरचं केशर त्यातच येतं. पण तो वेगळा कार्यक्रम होईल.

तिकडच्या श्रोत्यांनी वेब सॉइल सर्व्हे नावाची सरकारी साइट उघडून आपल्या घराचा पत्ता टाकून बघावा, फुकट आहे. मात्र नवीन कॉलनीत राहत असाल तर अंगणाचं आणि नकाशाचं जमणार नाही, बिल्डरने वरची काळी आधीच खरवडून विकलेली असते. आणि परसात ऑगर, म्हणजे माती काढायचं गिरमिट, घालायचा विचार असेल तर आधी ८११ ला फोन करा, गॅसची लाइन कुठून गेलीय ते येऊन खुणा करून देतात.