एम्बूची माणसं आणि गावाकडची जमीन

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर उजाडला की नैरोबीत मटाटूचं भाडं चढतं. मटाटू म्हणजे तिकडची वडाप. लोक कुरकुरतात, कंडक्टरशी हुज्जत घालतात आणि शेवटी पैसे काढून देतात, कारण नाताळाला गाव गाठायचंच असतं. सोबत आजीसाठी पाव आणि साखर. परतीला केळी, अव्होकाडो, अळकुड्या. या गर्दीत एम्बूची माणसंही असतात. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

एम्बू हे केनियातल्या माउंट केनियाच्या आग्नेय उतारावरचे लोक. गावाचं नावही एम्बूच. नैरोबीहून अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. डोंगराच्या वरच्या अंगाला चहा, त्याखाली कॉफी.

ही माणसं गावाबाहेर पडली ती प्रथम इंग्रजांच्या झोपडीपट्टीपायी. झोपडीवरची पट्टी म्हणतोय मी, वस्ती नव्हे! कर रोखीत भरायचा आणि रोख पैसा मिळायचा गोऱ्यांच्या मळ्यांत, नाहीतर शहरात. पण शहरानं त्यांना कधी आपलं मानलं नाही. इंग्रजांविरुद्धच्या सशस्त्र माऊ माऊ लढ्याच्या काळात, 24 एप्रिल 1954 रोजी, इंग्रजी फौजेनं नैरोबीला वेढा घातला आणि किकुयू, एम्बू, मेरू माणसं वेचून काढली. हजारो जण छावण्यांत डांबले गेले, बायकामुलांना गावी हाकललं. एका दिवसात बिऱ्हाड उठतं, हे ज्यांनी पाहिलं त्यांनी नातवंडांना ‘जमीन विकू नका’ असं बजावलं असेल, तर मला नवल वाटत नाही.

पुढे कॉफीनं दिवस बरे आणले. आफ्रिकी शेतकऱ्यांना कॉफी लावायची मुभा ज्या थोड्या भागांत 1930 च्या दशकात प्रथम मिळाली, त्यांत एम्बू होतं. पोरांच्या शाळेची फी त्यातून निघायची. पण कुठल्या देशानं किती कॉफी निर्यात करायची हे ठरवणारे आंतरराष्ट्रीय कॉफी करारातले कोटे 1989 साली मोडले आणि भाव कोसळले. त्यात वाटण्या होऊन एकेकाच्या वाट्याला तुकडा उरलेला. मग शिकलेल्यांनी नैरोबी धरली, काहींनी अमेरिका, इंग्लंड, कुणी आखाताची वाट धरली.

पूर्वी घरखर्चाचं पाकीट मटाटूच्या ड्रायव्हरच्या हाती जायचं. 2007 साली एम-पेसा आलं आणि पैसे फोनवरून जाऊ लागले. त्याची पहिली जाहिरातच होती, ‘घरी पैसे पाठवा’. स्वाहिलीतला पेसा म्हणजे आपला पैसाच बरं का, समुद्र ओलांडून गेलेला. शहरात ‘चामा’ चालतो, अगदी आपल्या भिशीसारखा. त्यातून कुणी गावी गाय घेतं, कुणी पत्र्याच्या जागी दगडी घर बांधायला काढतं.

परदेशी गेलेल्यांची अडचण वेगळी होती. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की केनियाचं जायचं. आणि 2010 च्या राज्यघटनेनुसार परक्याला तिथं जमीन मिळते ती भाडेपट्ट्यानं, जास्तीत जास्त 99 वर्षांच्या. त्याच घटनेनं दुहेरी नागरिकत्वाला मात्र मान्यता दिली. बापाच्या शेतातला वाटा ज्याला हवा होता, त्याच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट!

तो वाटा कशाला हवा, हे केनियाच्या वर्तमानपत्रातलं निधनाचं पान पाहिलं की कळतं. फोटो, खाली मुलांची नावं आणि नावांपुढे त्यांचे देश. एक नैरोबीत, एक लंडनला, एक अमेरिकेत. माणूस परदेशात वारला असेल, तर ओळखीपाळखीचे लोक रोज संध्याकाळी जमतात, वर्गणी काढतात आणि देह विमानानं मायदेशी आणतात. जाहिरातीत शेवटी अंत्ययात्रा कुठल्या शवागारातून, किती वाजता निघेल ते दिलेलं असतं, आणि दफनाच्या जागेपुढे बहुतेक वेळा दोनच शब्द असतात: ‘राहत्या शेतात’.