मिरामारचा सूर्य रात्री जातो कुठे?

नमस्कार मंडळी. मागे एका शाळेत मी ग्रहणांवर बोलायला गेलो होतो, कार्यक्रम संपला, मुलं पांगली आणि दहावीतला एक मुलगा मागे थांबला. मोबाईल पुढे करून म्हणाला, सर हा व्हिडिओ बघा ना, यात पृथ्वी सपाट आहे असं दाखवलंय आणि मला यातली चूक सापडत नाहीय. बाजूला उभं असलेलं एक मोठं माणूस पटकन म्हणालं, अरे असलं काय विचारतोस, मूर्ख आहेस का, आणि झालं, मोबाईल खिशात गेला, पोरगा गप्प. मला फार लागलं ते. तो पृथ्वी सपाट आहे म्हणत नव्हता, चूक सापडत नाही म्हणत होता, आणि हे म्हणायला डोकं लागतं. आजचं सगळं बोलणं त्या मुलासाठी आहे.

त्यामुळे दोन गोष्टी मी आधीच ठरवल्यात. नासाचा एकही फोटो दाखवणार नाही, कारण ज्याला शंका आहे तो म्हणणार फोटो खोटा, आणि मग आपण फोटोवरच भांडत बसणार. जे काही बोलू ते गोव्यातून दिसणाऱ्या आकाशावर, किंवा गोव्यातली माणसं जिथे जाऊन आलीत तिथल्या आकाशावर. दुसरं म्हणजे सपाट पृथ्वीचं चित्र मी पूर्ण गंभीरपणे घेणार, ते खरं मानून हिशोब करणार, आणि मग बाहेर जाऊन बघायचं की आकाश त्या हिशोबाप्रमाणे वागतं का.

तर ते चित्र असं. पृथ्वी म्हणजे गोल ताट, मधोमध उत्तर ध्रुव, कडेला सगळीकडून बर्फाची भिंत, ती भिंत म्हणजे अंटार्क्टिका. सूर्य छोटा आहे, साधारण ५००० किलोमीटर उंचीवर ताटाला समांतर गोल गोल फिरतो, आपल्या डोक्यावर आला की दिवस, लांब गेला की रात्र. मावळतो बिवळतो काही नाही, नुसता लांब जातो. ऐकायला सोपं आहे आणि म्हणूनच पटतं, हे आधी मान्य करूया.

आता चला पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर. तारीख घ्या २१ मार्च, त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो. संध्याकाळी साडेसहाच्या पुढे पाण्याला टेकतो तेव्हा तो बरोब्बर पश्चिमेला असतो, म्हणजे आग्वाद किल्ल्याच्या टोकाच्या डाव्या बाजूला, उघड्या समुद्रात. हे कोणीही कंपास घेऊन बघू शकतं. ताटाच्या चित्रात काय व्हायला हवं? पणजी १५.५ अक्षांशावर, म्हणजे ताटाच्या मध्यापासून सुमारे ८२७० किलोमीटर. सूर्य मध्यापासून १०००० किलोमीटरच्या वर्तुळावर, आणि आपल्या मावळतीच्या वेळी तो त्या वर्तुळाचा पाव भाग पुढे गेलेला. कागदावर काढून बघा, शाळेतलं पायथागोरस पुरतं, सूर्य आपल्यापासून सुमारे १३००० किलोमीटर लांब आणि दिशा मात्र पश्चिम नाही, पश्चिमेच्या ४० अंश उत्तरेला! म्हणजे समुद्रात नव्हे, आग्वादच्याही बऱ्याच उजवीकडे, कोको बीचच्या बाजूला जमिनीवर. अशा जागी मिरामारवरून सूर्य मावळलेला कोणी पाहिलाय? जूनमध्ये सुद्धा तो एवढा उत्तरेला जात नाही.

आणि उंची? ५००० वर आणि १३००० लांब, म्हणजे क्षितिजाच्या २१ अंश वर. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश होते, म्हणजे आपण ज्याला सूर्यास्त म्हणतो त्या वेळी सूर्य पाण्याच्या दोन मुठी वर लटकलेला हवा. आता मध्यरात्रीचं बघू, त्या वेळी तो ताटाच्या पार पलीकडे, १८२७० किलोमीटर लांब, तरी उंची १५ अंश. म्हणजे या चित्रात सूर्य कधीच मावळू शकत नाही, भरमध्यरात्री तो उत्तर ध्रुवाच्या दिशेला दीड मूठ उंचीवर दिसत राहायला हवा. मी हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा तीनदा तपासला.

यावर उत्तर येतं की हा पर्स्पेक्टिव्हचा परिणाम, लांबच्या वस्तू खाली गेल्यासारख्या वाटतात, रेल्वेचे रूळ जुळल्यासारखे वाटतात तसं. ठीक आहे, पण पर्स्पेक्टिव्हमध्ये लांबची वस्तू लहानही होते ना? दुपारी सूर्य ५३०० किलोमीटरवर होता, संध्याकाळी जवळजवळ १३९००, म्हणजे तो अडीच पटीहून जास्त लहान दिसायला हवा. ग्रहणाचा चष्मा लावून (चष्म्याशिवाय अजिबात नको, विशेषतः मुलांनी) दुपारी आणि संध्याकाळी बघा, तेवढाच्या तेवढा. क्षितिजाजवळ मोठा वाटतो तो डोळ्यांचा भास, मापायला गेलं तर रुंदीत फरक नाही. आणि लहान होत होत ठिपका होऊन नाहीसा होत नाही तो, खालची कड आधी बुडते, मग अर्धा, मग वरची कोर. मुलांनी एक करून बघावं, वाळूवर आडवं पडून शेवटची कोर बुडताना बघा आणि बुडाली की झटकन उभे राहा, सूर्याची कड पुन्हा दिसते, सहा-सात सेकंदच, पण दिसते.

जहाजांचं काय? लांब जाणारं जहाज खालून बुडत गेल्यासारखं दिसतं हा गोल पृथ्वीचा नेहमीचा पुरावा, पण व्हिडिओवाले म्हणतात झूम केलं की बुडालेलं जहाज परत दिसतं. हो, काही जहाजं दिसतात, जी बुडालेली नव्हतीच, फक्त बारीक झाली होती. किनाऱ्यावर उभं राहिलं तर क्षितिज जेमतेम साडेचार-पावणेपाच किलोमीटरवर असतं, ५० मीटर उंचीवर चढलं की तेच सुमारे २५ किलोमीटरवर जातं. मुरगाव बंदराबाहेर नांगरलेली जहाजं पाण्यालगत बसून बघा आणि मग टेकडीवर चढून बघा, झूम तोच ठेवा. मात्र इथे मी प्रामाणिकपणे सांगतो, पाण्याला अगदी लागून बघितलं की हवा प्रकाश वाकवते आणि दिसू नये ते दिसतं. इंग्लंडात १८३८ मध्ये सॅम्युअल रोबोथम ओल्ड बेडफर्ड नावाच्या कालव्यात उतरून पाण्याजवळ दुर्बीण धरून बघत होता, सहा मैलांवर गेलेली होडी त्याला दिसत राहिली आणि त्याने ठरवलं पृथ्वी सपाट. तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. १८७० मध्ये निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने त्याच कालव्यावर नजर पाण्यापासून बरीच वर घेऊन प्रयोग केला आणि पाण्यापासून सारख्याच उंचीवर धरलेल्या खुणांपैकी मधली वर आलेली दिसली, म्हणजे मधे पाण्याला फुगवटा. म्हणजे जहाजाचा पुरावा खरा आहे पण नाजूक आहे, त्यावर सगळी भिस्त ठेवू नये. माझी भिस्त आकाशावर जास्त आहे.

आता खास गोव्याची गोष्ट. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली, डॉ. सय्यद झहूर कासिम नेते होते, जानेवारी १९८२ मध्ये माणसं बर्फावर उतरली. आजही त्या सगळ्या कामाचं केंद्र आपल्या वास्कोला हेडलँड सड्यावर आहे. मैत्री हे आपलं ठाणं ७० अंश दक्षिणेच्या थोडं पलीकडे, १९८९ पासून माणसं तिथे राहतायत. तिथे उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या डिसेंबरच्या आगेमागे, सुमारे दोन महिने सूर्य मावळतच नाही. ताटाच्या चित्रात अंटार्क्टिका म्हणजे कड, आणि सूर्य लांब गेला की रात्र हा त्यांचाच नियम, मग तिथल्या एका माणसाला सूर्य चोवीस तास दिसायचा कसा, तो तर निम्मा वेळ ताटाच्या पार दुसऱ्या टोकाला. पण याहून मोठी अडचण दिशेची आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. मैत्रीवर मध्यरात्री सूर्य दक्षिणेला असतो! ताटावर दक्षिण म्हणजे बाहेर, भिंतीच्या पलीकडे. म्हणजे सूर्याला ताटाच्या बाहेरून चक्कर मारावी लागेल, आणि त्याच क्षणी तोच सूर्य दुसरीकडे कुणाच्या तरी डोक्यावर दुपार करतोय. डिसेंबर २०२४ मध्ये सपाट पृथ्वी मानणाऱ्या काहींना मुद्दाम अंटार्क्टिकाला नेलं होतं, चोवीस तासांचा सूर्य बघून त्यातल्या एकाने कॅमेऱ्यासमोर कबूल केलं की मी चुकलो होतो. मला त्याचं कौतुक आहे, इतक्या लोकांपुढे असं म्हणणं सोपं नसतं.

आमच्या शेजारी एक तारवटी, म्हणजे बोटीवरचे खलाशी, राहायचे, आम्ही पोरं त्यांना अंकल म्हणायचो. बोटीवरून सुट्टीला आले की अंगणात बसून सांगायचे, विषुववृत्त ओलांडलं की ध्रुवतारा गेला, परत येईपर्यंत भेट नाही, आणि तिथला चंद्र उलटा. केपटाउन असो, सिडनी असो की ब्वेनोस आयरेस, दक्षिणेला तोंड केलं की तोच त्रिशंकू, म्हणजे सदर्न क्रॉस हा ताऱ्यांचा समूह, त्याच एका बिंदूभोवती फिरणारा. मला तेव्हा ती नुसती गोष्ट वाटायची. ताटाचा नकाशा काढा आणि या तीन गावांतून दक्षिणेकडे बाण काढा, तिन्ही बाण एकमेकांपासून फाकत जातात, मग तिघांना दक्षिणेला एकच बिंदू कसा दिसणार? चेंडूवर काढा, बाण एका जागी येऊन मिळतात. त्या माणसाने कधी खगोलशास्त्राचं पुस्तक उघडलं नसेल पण उत्तर त्याच्याकडे होतं.

हे ज्ञान बाहेरून आलं असंही नाही. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये पृथ्वी सगळ्या बाजूंनी गोल म्हटलीय आणि उपमा दिलीय कदंबाच्या फुलाची, त्या गोळ्यावर जशी सगळीकडून बारीक फुलं तसे पृथ्वीवर सगळीकडून जीव. आपण रोज कदंबमध्ये चढतो-उतरतो, बसवरचं ते नाव राजघराण्याचं, पण पावसाळ्यात कुठे कदंबाचं झाड फुललेलं दिसलं तर मुलांना ते फूल हातात घेऊन दाखवा, पृथ्वीच्या खालची माणसं पडत का नाहीत याचं चित्र त्यात आहे. आणि मग सपाट का दिसते, तर भास्कराचार्यांनी ११५० मध्ये उत्तर दिलंय, परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो, पृथ्वी फार मोठी आणि माणूस फार लहान, म्हणून. व्हिडिओतला माणूस खिडकीतून बघून सपाट दिसते म्हणतो ते खोटं नाहीच, तेवढ्या तुकड्यात ती तशीच दिसणार.

शेवटी घरी करण्यासारखं एक. एका जागेवरून एकच माप घेतलं तर ते कुठल्याही चित्रात बसवता येतं, हे व्हिडिओ बनवणाऱ्याला चांगलं माहीत असतं. आज रात्री उत्तरेला मोकळी जागा बघा, ध्रुवतारा क्षितिजापासून दीड मूठ वर, अंधुक असतो, धीर धरा. सपाट चित्रात यावरून त्याची उंची निघते सुमारे २२०० किलोमीटर, काही अडत नाही, छान बसतं. आता तुमच्यापैकी कितीतरी जणांचे भाऊ-बहिणी, काका-मामा इंग्लंडात स्विंडनला आहेत, त्यांना फोन लावा, म्हणावं अंगणात येऊन ध्रुवतारा किती मुठी वर आहे सांगा. ते म्हणतील पाच. पाच मुठींचा तोच हिशोब केला की उंची निघते सुमारे ५१०० किलोमीटर. एकच तारा, एकच रात्र. चेंडूवर मात्र काहीच जुळवावं लागत नाही, जितके तुमचे अक्षांश तितके त्याचे अंश, पणजीला साडेपंधरा, स्विंडनला साडेएक्कावन्न.

फोन करताना लक्षात ठेवा, तिकडे अंधार आपल्यापेक्षा बराच उशिरा होतो, आपल्याला जागं राहावं लागेल. ते बाहेर येईपर्यंत इकडे दक्षिणेला बघा, एप्रिल असेल तर अकराच्या सुमाराला त्रिशंकू उभा असेल, तोही दीड मूठच वर. स्विंडनवरून तो दिसत नाही, त्यांना तेही विचारा.