बाबा काय म्हणाले असते?

(दृश्य: अतिदक्षता विभागाला लागून असलेली छोटी खोली. चार खुर्च्या. दार बंद.)

आत बाबा व्हेंटिलेटरवर आहेत. इथं मुलगा, सून आणि धाकटी मुलगी. डॉक्टर येतात, मोबाइल सायलेंट करून बाहेर ठेवायला देतात आणि आधी बसतात. सोबत नर्सही बसते.

"आतापर्यंत तुम्हाला काय काय सांगितलंय?"

मुलगा म्हणतो, "क्रिएटिनिन कालपेक्षा खाली आलंय ना? म्हणजे सुधारतायत."

किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा हा रक्तातला आकडा खरंच खाली आलेला असतो, पण डायलिसिसमुळे, म्हणजे मशीननं रक्त गाळल्यामुळे. हे घरच्यांना कुणी उलगडून सांगितलेलं नसतं. किडनीचे डॉक्टर किडनीचं सांगतात, छातीचे डॉक्टर छातीचं. बाबांचं काय होणार, हे मात्र कुणाच्याच तोंडून आलेलं नसतं.

"हा आकडा मशीनमुळे कमी दिसतोय. किडनी अजून चालत नाहीये. मला भीती वाटते, ते यातून बाहेर येणार नाहीत."

एवढं बोलून डॉक्टर थांबतात.

हे थांबणं फार अवघड. लगेच आणखी एखादा रिपोर्ट, आणखी एखादी टक्केवारी सांगून टाकावीशी वाटते. पण ज्याला रडू फुटलंय त्याच्या कानात त्यातलं काहीही शिरत नाही.

(दृश्य: रिकामा कॉरिडॉर, भिंतीवरचं घड्याळ.)

२००७ साली फ्रान्समधल्या २२ अतिदक्षता विभागांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही कुटुंबांशी नेहमीसारखीच बैठक झाली. बाकीच्यांशी बोलताना डॉक्टरांनी ठरवून ऐकण्यावर भर दिला आणि वियोगाच्या दुःखाविषयीची माहितीपुस्तिका हातात दिली. बैठक साधारण २० मिनिटांवरून ३० मिनिटांवर गेली. घरच्यांचं बोलणं ५ मिनिटांवरून १४ मिनिटांवर गेलं. म्हणजे वाढलेला जवळजवळ सगळा वेळ त्यांच्याच वाट्याला आला. रुग्णाच्या मृत्यूनंतर ९० दिवसांनी घरच्यांमध्ये मानसिक आघाताची लक्षणं नेहमीच्या गटात १०० पैकी ६९ जणांत दिसली, दुसऱ्या गटात ४५ जणांत.

दहा मिनिटं! वेळ नाही, ही सबब यापुढे कशी पटावी?

आता प्रश्नाकडे येऊ. "व्हेंटिलेटर काढायचा का, तुम्हीच ठरवा," असं म्हटलं की मुलाला ऐकू येतं, 'बाबांना जाऊ द्यायचं का?' कुठला मुलगा हो म्हणेल? तो म्हणतो, "शक्य ते सगळं करा." हृदय थांबलं तर पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू का, या प्रश्नाचंही तसंच. छाती दाबताना बरगड्या मोडू शकतात, आणि एकेक अवयव निकामी होत असताना असा माणूस क्वचितच घरी परततो, हे आधी सांगायलाच हवं.

आपले डॉक्टर वेगळं विचारतात. "बाबा आत्ता इथं बसून हे सगळं ऐकत असते, तर काय म्हणाले असते?"

मुलगी म्हणते, "त्यांना कुणी हाताला धरून बाथरूमला नेलेलंही चालायचं नाही."

यापुढची जबाबदारी डॉक्टरांची. "मग माझा सल्ला असा आहे," हे वाक्य त्यांनी उच्चारलंच पाहिजे. निर्णयाचं ओझं एकट्या मुलाच्या डोक्यावर टाकून निघून जाणं मला क्रूर वाटतं. एकमत होत नसेल, एखादी बहीण अजून वाटेत असेल, तर मुदत ठरवता येते: तीन दिवस पूर्ण उपचार, कशात फरक पडायला हवा ते आजच सांगायचं, मग पुन्हा बसायचं.

व्हेंटिलेटर काढायचं ठरलं, तरी त्रास कमी करणारी औषधं बंद होत नाहीत. धाप लागू नये म्हणून मॉर्फिन देतात. श्वासात अंतर पडेल, घशात घरघर होईल, हेही आधीच सांगून ठेवतात.

आणि हे सगळं फाइलमध्ये लिहायचं असतं. नाहीतर रात्रपाळीचे डॉक्टर सहज म्हणून जातात, "बघू, होईल सुधारणा," आणि घरच्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून नर्स त्या खोलीत हवी. रात्री तीन वाजता मुलगी तोच प्रश्न पुन्हा विचारते, तेव्हा उत्तर नर्सलाच द्यायचं असतं.