व्हिडिओ लावला की कॉम्प्युटर बंद का पडतो?

(लातूर येथे शिक्षक आणि ई-सेवा केंद्र चालवणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

तक्रार ठरलेली असते. ‘दिवसभर टायपिंग चालतं, निकालपत्रकं होतात, प्रिंट निघतात, पण व्हिडिओ लावला की खलास.’ आणि पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, ‘फॉर्मॅट मारून द्या.’ फॉर्मॅटचं नाव जरा बाजूला ठेवा. आधी मला सांगा, तो बंद पडला म्हणजे नेमकं काय झालं?

टायपिंगला यंत्राला फारसं काम नसतं. व्हिडिओचं तसं नाही. फाईल दाबून लहान केलेली असते, ती सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं या वेगानं उलगडावी लागते. त्यासाठी ग्राफिक चिपमध्ये, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या भागात, वेगळी यंत्रणा असते आणि एरवी ती झोपलेली असते. म्हणून तिच्यातला दोष एक्सेलमध्ये दिसत नाही. शिवाय जुन्या यंत्राला नवी पद्धत कळत नाही. व्हिडिओ दाबून लहान करण्याचं एच.२६४ हे मानक २००३ चं, एच.२६५ हे २०१३ चं. हल्लीचे बरेच मोबाईल एच.२६५ मध्ये चित्रीकरण करतात. ते उलगडणारी यंत्रणा चिपमध्ये नसली की सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि तो तापतो.

आता बंद पडण्याची तऱ्हा बघा. पिन उपसावी तसा खटकन गेला, तर संशय विजेवर आणि उष्णतेवर. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडते आणि लोक ती वाचून लगेच नवा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, आणतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच, की यंत्र रीतसर बंद झालं नाही. का, ते ती सांगत नाही.

स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत आली, किंवा निळ्या पडद्यावर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ दिसलं, तर गोष्ट वेगळी. व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज ग्राफिक चिपच्या उत्तराची साधारण २ सेकंद वाट बघतं. उत्तर नाही आलं तर ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, पुन्हा सुरू करतं, तेही जमलं नाही तर निळा पडदा. इथं क्रोमच्या सेटिंगमध्ये, ‘सिस्टिम’खाली हार्डवेअर ॲक्सिलरेशन (नव्या आवृत्तीत ‘ग्राफिक्स ॲक्सिलरेशन’), म्हणजे व्हिडिओचं काम ग्राफिक चिपकडं देण्याची सोय, बंद करा, ब्राउझर पुन्हा उघडा आणि तोच व्हिडिओ लावा. नीट चालला तर दोष ड्रायव्हरचा किंवा ग्राफिक चिपचा. मात्र ही परीक्षा झाली, इलाज नव्हे, कारण आता तेच ओझं प्रोसेसरच्या डोक्यावर गेलंय. ड्रायव्हर घ्यायचा तो यंत्र बनवणाऱ्या किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवरून. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. आणि त्रास अपडेटनंतरच सुरू झाला असेल, तर मागची आवृत्ती टाकून बघा.

नुसता प्लेअरच बंद होत असेल तर तीच फाईल व्हीएलसी या दुसऱ्या प्लेअरमध्ये लावा. तिथं चालली तर यंत्र ठणठणीत आहे. कुठून तरी टाकलेले कोडेक पॅक, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरचे गठ्ठे, काढून टाका.

आता आपल्याकडची खरी दुखणी. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढं जातो. पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो, त्यामुळं चिप खोलीपेक्षा थंड होणं शक्यच नाही. त्यात धूळ. शेजारी जिनिंग असेल तर विचारूच नका, कापसाचे तंतू हीटसिंकच्या, म्हणजे चिपवरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या, फटीत बसून त्यांचा नमदा होतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग जातं. वर्षानुवर्षं तशीच असलेली थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि हीटसिंक यांच्यामधला लेप, सुकलेली असते, तीही बदला. तापमान सांगणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. व्हिडिओ चालू असताना आकडा शंभर अंश सेल्सियसकडं चढत असेल, तर पुढं काही शोधायची गरज नाही.

विजेचं म्हणाल, तर रब्बीत मोटारी सुरू झाल्या की २३० व्होल्टचा पुरवठा गावात कुठवर उतरतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. थकलेला एसएमपीएस टायपिंगला पुरतो, व्हिडिओचा भार आला की मान टाकतो. चांगला एसएमपीएस लावून बघणं हीच सोपी खात्री. तो उघडायला मात्र जाऊ नका, पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर कॉम्प्युटर राहू द्या, आधी आर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालावं लागतं.

सदोष रॅममुळंही, म्हणजे यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीमुळंही, यंत्र बंद पडतं, म्हणून तिच्याबद्दल थोडक्यात. खोडरबरानं पट्टी पुसणं चुकीचं नाही, पण रॅम तपासणारं मेमटेस्ट हे सॉफ्टवेअर रात्रभर लावल्याशिवाय रॅमला निर्दोष म्हणू नका.

(‘आमच्या शाळेत प्रोजेक्टर जोडला तरच बंद पडतो,’ अशी शंका एका शिक्षकांनी विचारली.)

प्रोजेक्टरची पिन कुठं लावता? मागच्या भिंतीवर, आणि कॉम्प्युटर टेबलापाशी? दोन्ही प्लगांची आर्थिंग सारखी नसेल, तर केबलमधून नको तो प्रवाह वाहतो. उद्या दोन्ही एकाच बोर्डवर लावून बघा. तरीही बंद पडला, तर निळ्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढून मला दाखवा.